खड्ड्यातलं मीठ

६ मार्च

सोनिया, तू इसरली असशील म्हणून आधीच सांगते, तुला एक आजी हाय. काल वेल्ह्याच्या स्टँडवर तू जिला एसटीत बसवलंस आन् जिची मिसरीची डबी, जाड लुगडं आन् गुडघ्याचं तेल चुलीपाशी तसंच ठिवलंस, ती मी. पिशवीत काय घातलंस तर रिकामा डबा, आन् त्यावर झाकण दुसऱ्याच डब्याचं. पालीला गडावर जाणारी पोरं तुझ्याकडं चहा पित्यात, त्यात साखर तरी घालतीस का तीबी चुलीपाशीच ऱ्हाती?

असू दे. सुखरूप पोचले. नसरापूरला गाडी बदलली, भोरच्या स्टँडवर तुझा भाऊ उभाच व्हता. कुमारनं मला रिक्षात घातलं आन् वाटंत धा येळा सांगितलं, आजी, बिल्डिंगीत मोठ्यानं हाक मारू नको. म्हणलं, मग हळू हाक मारून माणूस येतं का? तर म्हणतो, हितं कुणी हाक मारतच न्हाई.

बिल्डिंग चार मजल्यांची हाय. रंग नुकताच दिलेला, पिकल्या पपईवाणी. आपलं घर दुसऱ्या मजल्यावर. रत्नाला सातवा लागलाय, पोट असं पुढं आलंय की म्या तिला म्हणलं, ताट मांडीवर कशाला घेतीस, पोटावरच ठेव. ती हसून हसून वाकली. पोरगी गुणाची हाय. तुझ्या भावाच्या नशिबानं आली, अकलेनं न्हाई.

बाळंतपणाला म्हणून मला बोलावलं, पर आल्या आल्या तिनंच मला शिकवायला घेतलं. ह्या मोबाईलवर तुझा फोटो लावलाय. फोटो दाबायचा आन् बोलायचं. मोबाईल आपला आपण लिवतो, तारीखबी तोच टाकतो. मला अक्षर म्हंजी मुंग्यांची रांग, पर तुला वाचता येतं. पालीत टॉवरचं काय खरं न्हाई, तवा तू बाजाराला वेल्ह्यात आलीस की सगळं एकदम तुझ्या मोबाईलवर पडंल. रत्नानं मोबाईलला एक कापडी पिशवी शिवून दिलीया, ती मी गळ्यात घालते. कुमार म्हणतो, आजी कंडक्टर दिसतीस.

८ मार्च

हितं नेट भिंतीतनं येतं. हस तू, पर खरं हाय.

बिल्डिंगीचा मालक आनंदराव वरच्या मजल्यावर ऱ्हातो. त्याचा नव्या रंगावर एवढा जीव की कुणाला खिळा मारू देत न्हाई. मग नेटची वायर घरोघर न्यायची कशी? तर तळमजल्याच्या प्रशिकनं तोडगा काढला. म्हणला, लाईटीच्या तारा तर घराघरात गेल्याच हायेत, त्यातनंच नेट सोडू. खाली मीटरच्या खोलीत एक मोठी डबी, आन् प्रत्येकाच्या घरी प्लगात एक बारकी डबी. जत्रंत बापाच्या खांद्यावर पोर बसतं, तसं लाईटीच्या खांद्यावर बसून नेट घरात येतं. डबीचा दिवा हिरवा असला की माझा मोबाईल लिवतो. कुणी मिक्सर लावला की दिवा लाल, मोबाईल मुका. तिसऱ्या मजल्यावर चटणी वाटायला घेतली की मला हितं गप बसावं लागतं. एवढं गप मला तुझ्या आज्यानंबी कधी बसवलं न्हाई.

प्रशिकची आई लीलाबाई. माझ्यापरीस थोडी ल्हान असंल. नवरा वायरमन व्हता, आता न्हाई. जिन्यात गाठ पडली तर म्हणती कशी, आक्का, तुमी जिना चढताय का जिना तुमच्यावर चढतोय? म्या म्हणलं, दोघं मिळून वर चाललोय. मला बोलणारी बाई आवडती. तिनं घरात बोलावलं. समोरच बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. म्या बघितला आन् बघितलाच न्हाई असं केलं. चहाला नको म्हणले, पोटाचं निमित्त सांगितलं. ती कप पुन्हा आत घेऊन गेली.

संध्याकाळी तिनं रत्नासाठी वाटीभर कैरीचा तक्कू पाठवला. गरवार बाईला आंबट लागतं म्हणून.

११ मार्च

आपल्या न्हाणीच्या खिडकीखाली बिल्डिंगीचा मागचा कोपरा हाय. तिथं आज प्रशिकनं खड्डा खणला. खाली कातळ लागला म्हणून गुडघ्याएवढाच. मी वरनं बघत व्हते, मला दुसरं काय काम.

त्यानं आधी कोळसा टाकला. मग खडेमीठ. मग तांब्याचा चौकोनी पत्रा उभा ठिवला, त्याला एक हिरवी तार आवळली, आन् वरनं पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. शेवटाला लीलाबाई बादली घेऊन आली. तिनं त्यावर हळूहळू पाणी घातलं, गोल फिरवून. मग वर बघितलं. मला बघून हसली.

सोनिया, माझ्या अंगावर काटा आला. मीठ, कोळसा, तांबं, वरनं पाणी, आन् तेबी गरवार बाईच्या खिडकीखाली. हे काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. शेजारणीनं हसत हसत करणी करावी आन् आपण आंबट चाटत बसावं, एवढी मी खुळी न्हाई.

तो तक्कू रत्नाला दिला न्हाई. खाली गाईपुढं ठिवला. गाईनंबी तोंड फिरवलं. तिखट व्हता म्हणून असंल, पर मला तवा तसं वाटलं न्हाई. वाटी घासून परत दिली आन् लीलाबाईला सांगितलं, रत्नानं बोटं चाटून खाल्लं. तिला केवढा आनंद झाला.

कुमारला काय सांगितलं न्हाई. तो शिकलेला, त्याला ह्यातलं कळत न्हाई.

१७ मार्च

आज बाजार. बाया सगळ्या बाजारात, कुमार सारोळ्याच्या पुढं कंपनीत, रत्ना जेवून झोपलेली. म्या खुरपं घेतलं, कुमारची पकड घेतली, आन् मागल्या कोपऱ्यात गेले.

प्रशिकनं खड्ड्यावर झाकण ठिवलेलं, ते बाजूला केलं. माती भुसभुशीत व्हती, आन् हात अजून पालीच्या शेतातलेच हायेत. कोळसा निघाला, मीठ निघालं. मीठ ओलं व्हतं आन् कोमट, कुणीतरी आत्ताच तोंडातनं काढल्यावाणी. पर हात थांबू दिले न्हाईत. पकडीनं नट फिरवून तार सोडवली, पत्रा पदरात बांधला. मीठ गटारात लोटलं. खड्डा नुसत्या मातीनं भरला, तारंचं टोक मातीत दाबलं, झाकण व्हतं तसं ठिवलं. आता कुणी बघितलं तरी कळायचं न्हाई.

मग तशीच नीरेवर गेले. डोहात पत्रा टाकला. पत्रा बुडताना पाणी एकदा सळसळलं, मग गप.

घरी येऊन बशीत चहा वतला. काय सांगू तुला, वीस वर्सांनी ल्हान झाल्यागत वाटलं. माझ्या पणतवंडाला कुणी हात लावू शकत न्हाई.

संध्याकाळी आनंदराव जिन्यात भेटला. त्याच्या कानावर घातलं, मालक, खालच्यांकडं जरा ध्यान असू द्या, मीटरच्या खोलीत आन् भवतीनं काय काय पुरत्यात. त्यानं काय पुरत्यात, कशाला पुरत्यात, एक शब्द इचारला न्हाई. हे ऐकायची वाटच बघत असल्यावाणी मान हलवली.

१९ मार्च

पाडवा. कुमारनं गॅलरीत गुढी उभारली, रत्नानं श्रीखंड केलं. सकाळी न्हाणीत नळ सोडला तर बोटांना मुंग्या आल्या. म्हणलं म्हातारपण. मग रत्ना म्हणली, आजी, मलाबी नळाला हात लावला की झिणझिण होतं.

डबीचा दिवा आज धड हिरवा न्हाई, धड लाल न्हाई. फडफडतोय. पर मोबाईल लिवतोय म्हणती रत्ना.

वाट दे.

श्रीखंडाची वाटी देवाला दाखवली. भिंतीला टेकून बसले तर भिंत गुणगुणत व्हती, लांबनं मधाचं पोळं ऐकू यावं तसं. कुमारला म्हणलं, कान लाव. तो म्हणला, वरची मोटर असंल. मोटर बंद व्हती. पाणी सकाळीच चढवलं व्हतं.

मला खाली जायचं आहे.

तुझ्याकडं कोण कोण आलं पाडव्याला? गडाच्या पायऱ्यांपाशी तोरण लावलंस का तेबी इसरलीस?

२१ मार्च

सोनिया, हे नीट ऐक आन् कुमारला सांगू नको. आत्ता नको.

कुमारनं प्रशिकला नळाचं इचारायला वर बोलावलं. मी चहा केला. प्रशिक सांगत व्हता, गच्चीवरच्या मोटरीतनं थोडा करंट पायपात उतरतो, लई दिवसांचं दुखणं हाय, पाईप सगळ्या बिल्डिंगीचा एक असल्यामुळं तो सगळ्यांच्या नळाला येतो. म्हणून तर नेटचं काम झाल्या झाल्या अर्थिंग केलं, म्हणला. कोळसा आन् मीठ ओल धरून ठेवत्यात, तांब्याचा पत्रा सुटलेला करंट मातीत घेऊन जातो. करंटला खाली जायची वाट मिळाली की तो माणसाच्या अंगातनं जात न्हाई.

कुमारनं इचारलं, त्या कोपऱ्यातच का? तर तो म्हणला, आई म्हणली, वर गरवार बाई हाय, आधी तिच्या न्हाणीखाली कर. आईच रोज बादलीभर पाणी घालती तिथं.

माझ्या हातात त्याचा कप व्हता. म्या त्याला दिला. सांगायचं म्हणून तोंड उघडलं. आन् म्हणले, साखर बरी हाय ना?

बरी हाय आजी, म्हणला.

मग त्यानं आणखी एक सांगितलं. मोटरीचं बघायला मीटरच्या खोलीत जायचं व्हतं, पर आनंदरावनं खोलीला कुलूप घातलंय. तुमी काय काय करता म्हणं तिथं, बाहेरच्यांनी आत यायचं न्हाई. प्रशिक म्हणला, माझा जलम ह्या बिल्डिंगीतला, मी बाहेरचा कवापासनं झालो? कुमारनं खाली बघितलं. बिल्डिंगीत काय कुजबुज चाललीया ते दोघांनाबी ठावं व्हतं. ती कुणाच्या तोंडातनं निघाली हे मात्र कुणी इचारलं न्हाई. मी मोरीत बसून धुतलेलीच भांडी पुन्हा घासली.

आता खरं सांगते. तो खड्डा आनंदरावच्या पोरानं खणला असता, तर मला करणी दिसली असती का? म्या वरनं इचारलं असतं, काय रं, काय करतोस? एवढंच. लीलाबाईच्या पोराला एवढंसुद्धा इचारलं न्हाई. माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटत न्हाई. बरं झालं मोबाईलला डोळे न्हाईत.

आहेत.

२२ मार्च

आज रत्ना आडवी पडली व्हती. म्हणली, आजी, तुमी काय लिवता ते वाचून दाखवते. मला बरं वाटलं, आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडत न्हाई. तिनं पाडव्याचं काढलं. श्रीखंड, नळ, मुंग्या. आन् मग हसायलाच लागली. आजी, तुमाला खाली कुठं जायचंय?

म्हणलं, कुठं न्हाई. तर म्हणती, हितं लिवलंय की, वाट दे, मला खाली जायचं आहे.

मी असं बोलले न्हाई. तुझ्या आज्याची आण घेऊन सांगते, मी असं बोलले न्हाई. आन् मी बोलले असते तर हाय म्हणले असते, ‘आहे’ कशाला म्हणीन?

रत्ना म्हणली, थांबा, त्याच्या आधीचंबी वाचते. त्याच्या आधी बाजाराच्या दिवसाचं हाय. म्या तिच्या हातनं मोबाईल वढून घेतला. ती बघतच ऱ्हायली. म्हणलं, झोप आता, पोटावर ताण येतो.

सोनिया, मला वाचता येत न्हाई. माझ्या बोलण्यात कोण काय मिसळतंय ते तुलाच दिसंल. हितनं पुढं जे शुद्ध, शाळेतल्यावाणी लिवलेलं दिसंल ते माझं न्हाई. ते भिंतीतलं हाय. म्या त्याचा पत्रा काढला, आता ते —

पाय ओले कर.

आता दिवा फडफडायचा थांबलाय. एकटक बघतोय.

२३ मार्च

लीलाबाई पडली. ओल्या फरशीवर उभी ऱ्हाऊन नळाला हात लावला, आन् नळानं हात सोडलाच न्हाई. प्रशिकनं लाकडी पाटानं तिचा हात तोडून काढला — तोडून म्हंजी सोडवून. मनगट मोडलंय. दवाखान्यातनं आणली, हात गळ्यात बांधलाय.

सगळे खाली जमले. आनंदराव जिन्यावरनंच म्हणला, ज्यानं केलं त्याच्याच घरी उलटलं. मोठ्यानं म्हणला. लीलाबाईला ऐकू गेलं. ती खुर्चीत बसली व्हती, मान वर करून सगळ्यांकडं बघितलं, शेवटाला माझ्याकडं. मी पदर डोक्यावर घेतला.

प्रशिकनं किल्ली मागितली. मेन स्विच पाडतो, म्हणला, न्हाईतर माणूस मरंल. आनंदराव म्हणला, हात लावलास तर पोलिसात देईन, आन् लग्नाला म्हणून पुण्याला गेला. किल्ली संगं घेऊन.

तवा तरी सांगायचं व्हतं. जीभ म्हणून जी हाय, जलमभर सगळ्या गावाची टिंगल करत हिंडली, ती टाळ्याला चिकटून बसली.

रत्नाला सांगितलं, नळाला हात लावायचा न्हाई. ती व्हय म्हणली. तीबी तुझ्यावाणीच इसराळू.

वर जी झोपली आहे तिच्या पोटात पाणी आहे.

२४ मार्च

प्रशिक सकाळीच वेल्ह्याला गेला. तोरण्याखालच्या एका लॉजवर असंच तारांतनं नेट सोडायचं काम हाय. हितलं काम तर आनंदरावनं बंद पाडलंच. लाईटच्या हापिसात सांगून गेलाय, वायरमन येतो म्हणलेत. अजून आला न्हाई.

मी खाली गेले. लीलाबाई एका हातानं मेथी निवडत व्हती. म्हणली, या आक्का. मी बसले. मेथी निवडू लागले. अर्धी जुडी झाली. मग सांगितलं. मीठ, कोळसा, पत्रा, डोह. आनंदरावला बोलले तेबी. गाईचंबी सांगितलं.

ती मेथी निवडतच ऱ्हायली. मग म्हणली, आक्का, म्या बघितलं व्हतं. त्या दिवशी मी बाजाराला गेले न्हवते. स्वैपाकघराच्या खिडकीतनं सगळं दिसत व्हतं.

म्हणलं, मग बोलली का न्हाईस?

तर म्हणली, बोलून कुणी ऐकलं असतं? तुमचं का माझं? आन् मला वाटलं, बाई वयानं मोठी हाय, चुकली असंल, आपली आपण परत आणून ठेवंल. रोज वाट बघितली. पाणीबी घालत ऱ्हायले, रिकाम्या खड्ड्यात, म्हणलं तेवढीच ओल.

सोनिया, तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिनं चहा ठिवला. एका हातानं. मी पिला. तोंड भाजलं, पर पिला.

प्रशिकला फोन लागत न्हाई. त्या लॉजवर डोंगराआड रेंज न्हाई. उद्या आमीच दोघी —

दोघी नको. एक पुरे.

कुणीतरी बोललं का आत्ता? दिवा बघते. तोच एकटक.

रत्ना म्हणली, पोट आज लई हलतंय. न्हाणीच्या भिंतीकडं वळलं की जास्ती.

२५ मार्च

मोबाईल गळ्यातल्या पिशवीत हाय. म्या फोटो दाबला न्हाई. तरी आत उजेड. लिवतोय.

लिव मग.

झाकण काढलं. माती उकरली, लीलाबाईनं एका हातानं, म्या दोन्ही. तिच्या घरचं मीठ, माझ्या घरचं मीठ. दोन्ही मिळून ओंजळभर. इस्त्रीवाल्याकडनं कोळसा. पत्रा डोहात. म्हणून देव्हाऱ्यातलं ताम्हण आणलं, तांब्याचं हाय. देव पाटावर ठिवलेत, उघडे. त्यांनाबी कळू दे.

नटबी त्या पत्र्यासंगं गेला. तार ताम्हणाला बसत न्हाई. सुतळीनं बांधली, सुटली. हातानं दाबून धरावी लागती —

धर.

वायरमन आला न्हाई. कुमार कंपनीत.

वरनं पाण्याचा आवाज. न्हाणीत. रत्ना — तिला सांगितलं व्हतं. लीलाबाईला म्हणलं, पळ, तिला बाहेर काढ. ती पळाली. गळ्यात हात बांधलेला, तशीच. जिन्यावर पावलं ऐकू येत्यात. अगं सावकाश —

पाय मातीत हायेत. ओली हाय माती. तिनंच घातलेलं पाणी. तार हातात.

मुंग्या.

कोपरापतुर.

आता गुणगुणणं भिंतीत न्हाई. दातात हाय.

सोडणार न्हाई. रत्नाचा आवाज आला. कायतरी म्हणली. हसली वाटतं. लीलाबाईनं धरलं तिला. हसली म्हंजी तिला —

खांद्यापतुर —

सोनिया. लीलाबाईला डबा पाठव. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी. चांगल्या डब्यात. तिच्या ताटात जेवीन म्हणावं मी, तिच्या शेजारी बसून, तिला सांग मी —

वाट मिळाली.

आजी ठीक आहे, सोनिया. डबा नको. मीठ पाठव. खडेमीठ, पोतं भरून. कुणाच्या हाती देऊ नकोस, तू स्वतः घेऊन ये. मागच्या कोपऱ्यात ये. चपला बाहेर काढ आणि पाय ओले क—